दापोड्याचा दाखला

"यंदा आमच्या दिवाळी अंकासाठी एखादे प्रवासवर्णन द्या," असे संपादकांचे पत्र आले. ते वाचून आमच्या सौभाग्यवती हसल्या. म्हणाल्या, "महाबळेश्वर आणि पंढरपूर सोडलं तर तुम्ही गेलात कुठे?" बोलणे अगदीच खोटे नव्हते. छत्तीस वर्षे मास्तरकी केली, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. मे महिन्यात कोकण आणि दिवाळीत बहिणीकडे पुणे, एवढीच माझी भ्रमंती. हिमालय मी पाहिलेला नाही आणि विलायतेचा योग या जन्मी दिसत नाही. पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून वर्षभरात मी एका गावाला नऊ वेळा गेलो. ते गाव ठाण्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. त्याचे नाव दापोडे.

दापोडे म्हटले की ऐकणारा हटकून विचारतो, "दापोली का?" नाही म्हटले की विचारतो, "मग पुण्याची दापोडी?" तेही नाही म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. दापोलीला समुद्र आहे, दापोडीला रेल्वेचे स्टेशन आहे. आमच्या दापोड्याला पाहण्यासारखे काय आहे? उत्तर एकच, गोदामे. ज्यांनी दापोडे पाहिलेले नाही त्यांच्याही घरी दापोड्याहून काही ना काही आलेले असते. यंदा दिवाळीला जावयासाठी तुम्ही मोबाइल मागवला असेल, सुनेसाठी मिक्सर मागवला असेल, तर ते खोके तुमच्या दारी येण्यापूर्वी या भागातल्या एखाद्या पत्र्याच्या छपराखाली एखादी रात्र काढून आले असण्याचा संभव मोठा आहे.

ठाण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागावे. साकेतचा पूल ओलांडला, खारेगाव मागे टाकले, की खाडीचा खारट वारा तोंडावर येतो. मग माणकोलीचा नाका. इथे उतरायचे आणि तिघांच्या जागी पाच माणसे बसवणाऱ्या रिक्षात अंग चोरून बसायचे. पुढे दोन्ही बाजूंना गाळ्यांच्या रांगा, आणि रांगांच्या पोटात पुन्हा रांगा. ट्रक असे उभे की हत्तींचा कळप नदीवर यावा. आमच्यासारख्या नवख्याला वाटते की गाव अजून यायचे आहे, आणि रिक्षावाला म्हणतो, "उतरा काका, आलं."

गाव आहे, पण ते शोधावे लागते. गोदामांच्या मागे एक देऊळ, एक शाळा, काही कौलारू घरे आणि बरेचसे नवे बंगले. मूळ वस्ती आगरी लोकांची. भातशेती आणि खाडीची मासळी यांवर जगणारा हा मुलूख. जवळच्या अंजूरचे नाव तर इतिहासात आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत झटणारे गंगाजी नाईक हे अंजूरचे. आता त्या परिसरात भाताचे खाचर शोधून सापडते. भिवंडीची ही खेडी मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर होती, मुंबईला जवळ होती, जमीन स्वस्त होती. व्यापाऱ्यांनी माल येथे उतरवायला सुरुवात केली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. उलट अधिक मोठी झाली.

ज्या चाळीत मला जायचे होते तिचे मालक सत्तरीचे आगरी गृहस्थ होते. ओट्यावर बसलेले असत. पहिल्याच दिवशी त्यांनी हात लांब करून मला समोरचे पत्रे दाखवले. म्हणाले, "आमचे शेतान आता गोदाम हाय, मास्तर. भात नाय, पन भाडा येतो बारा महिने." बोलण्यात अभिमान होता की खंत होती, हे मला नऊ फेऱ्यांनंतरही नीटसे उमगलेले नाही.

या गावी मी का जात होतो, ते आता सांगतो.

आमच्याकडे एक बाई दोन वर्षे पोळ्या करायच्या. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. नवराबायको ऊसतोडीला जात. नवरा वारला तेव्हा मुलगा आणि मुलगी घेऊन त्या इकडे आल्या. ठाण्यातली खोली परवडेना, म्हणून दापोड्याला चाळीत राहायला गेल्या आणि एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागल्या. २०२४ ची कोजागरी होऊन दोन दिवस झाले असतील. सकाळी त्यांचा फोन आला. "गुरुजी, पोराला नेलंय. तुम्ही या."

मुलाचे नाव मी सांगणार नाही. त्याच्या बीडकडच्या गावाचे आणि शाळेचेही नाही. त्या चाळीतून ते कुटुंब आता दुसरीकडे गेले आहे, आणि काही तपशील मी बदललेही आहेत. याला कारण कायदा आहे. अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही छापायला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे. मला ती मनाई योग्य वाटते. का, ते पुढे कळेलच.

हकिगत अशी. मुलगा नववीत शाळा सोडून ठेकेदाराकडे माल चढवण्या-उतरवण्याचे काम करीत होता. दिवाळीपूर्वीचा महिना म्हणजे गोदामांची सुगी. रात्रपाळ्या चालतात, माणसे पुरत नाहीत. अशा एका रात्री दोन मोठ्या माणसांनी मोबाइलची खोकी टेम्पोत घातली. मुलाचे काम इतकेच की टेम्पोत बसायचे आणि कोणी आले तर हाक मारायची. पाचशे रुपये ठरले होते. कोणी तरी आले, त्याने हाक मारली, आणि पळायचे सोडून तो टेम्पोतच बसून राहिला. ते दोघे पहाटे सापडले. हा जागच्या जागी सापडला.

त्याने काही केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. आई मात्र म्हणत होती. मुलाने स्वतः पहिल्या भेटीतच मला सांगितले, "माल चोरीचा हाय ते ठाऊक होतं, सर."

प्रश्न वेगळाच उभा राहिला. मुलाचे वय सतरा. पण पोलिसांच्या कागदावर एकोणीस लिहिलेले! कारण ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात एकोणीस होते. मी त्या ठेकेदाराकडे गेलो. पत्र्याच्या खोलीत पंखा लावून बसला होता. चहा मागवला, नमस्कार केला, वागायला अदबशीर. म्हणाला, "सर, अठराच्या आतला म्हटलं की दहा लफडी. म्हणून आम्ही सगळ्यांना एकोणीसच लावतो. खोकं उचलताना वय कुठं लागतं?"

तर वय लागले ते नंतर. सतरा वर्षांच्या मुलासाठी या देशात एक वाट आहे आणि एकोणीस वर्षांच्या माणसासाठी दुसरी. एकोणीस म्हणून नोंद झालेला हा मुलगा दुसऱ्या वाटेने गेला: पोलीस कोठडी, मग मोठ्या माणसांचा तुरुंग.

वाचकांपैकी पुष्कळांना ही पहिली वाट कशी पडली, हे ठाऊक नसेल. मलाही नव्हते, दापोड्याच्या निमित्ताने मी वाचले. मुलांना मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळे ठेवावे हा विचार आपल्याकडे जुना आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ साली निघाली. अमेरिकेत शिकागोला मुलांचे पहिले स्वतंत्र न्यायालय १८९९ साली सुरू झाले. आपल्या मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीला उमरखाडीचा जुना तुरुंग होता, त्याच जागी मुलांचे रिमांड होम आले. आमच्या लहानपणी "डोंगरीला पाठवीन हं!" ही मुंबईकर आयांची धमकी होती, ती यावरून. १९४८ साली मुंबई राज्याने कायदा नव्याने केला.

कायदा कागदावर होता, तरी देशभर हजारो मुले साध्या तुरुंगात सडतच होती. ती गोष्ट शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. मुलांना तुरुंगात ठेवू नका, असे न्यायालयाने १९८६ साली बजावले, आणि त्याच वर्षी साऱ्या देशासाठी एक कायदा झाला. त्या कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत मूल आणि मुलगी अठराव्यापर्यंत. म्हणजे आमचा हा मुलगा त्या काळी मोठा माणूसच ठरला असता. पुढे २००० साली दोघांनाही अठराची मर्यादा आली. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीला ते भयंकर कृत्य घडले, आरोपींत एक अठराच्या आतला निघाला, देश संतापला, आणि २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा या वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर त्याला मोठ्यांच्या न्यायालयात पाठवण्याची वाट ठेवली गेली. बाकीच्यांसाठी बाल न्याय मंडळ: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांपैकी एक तरी स्त्री हवी. मंडळाची जागा न्यायालयासारखी दिसू नये, मुलाला भीती वाटू नये, असेही कायद्यात लिहिले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुलांसाठी हे मंडळ भिवंडीला भरते, निरीक्षणगृहही तेथेच. दापोड्यापासून ते जवळ. पण आमच्या मुलाला तेथवर पोचायला तीन आठवडे लागले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. २०२४ च्याच मे महिन्यात, १९ तारखेच्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. काही तासांत मुलाला जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा एक निबंध होता. तुम्हाआम्हा सर्वांचे डोके फिरले. मी तर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत मोठ्याने म्हणालो होतो, "सतरा वर्षांचा घोडा, मूल कसले? मोठ्यांच्या तुरुंगात टाका." मंडळींनी माना डोलावल्या होत्या. आणि पाच महिन्यांनी मी कोर्टाच्या आवारात एका वकीलबाईंना गळ घालीत होतो, "अहो, सतरा वर्षांचा आहे, मूल आहे ते!"

वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाने विनामूल्य दिलेल्या, वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी शांतपणे विचारले, "दाखला आहे का?"

आईने आधार कार्ड पुढे केले. त्या म्हणाल्या, "हे जन्मतारखेला चालत नाही." त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात आधार कार्डाऐवजी शाळेच्या दाखल्यातली तारीख ग्राह्य धरली होती. बाल न्यायाच्या कायद्यात तर क्रमच घालून दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेची वा पंचायतीची जन्मनोंद. तेही नसेल तर मग डॉक्टरांनी हाडे तपासून वय ठरवायचे. मुलगा उसाच्या फडावर, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत जन्मलेला. पंचायतीच्या वहीत त्याचा जन्म नव्हता. राहिली ती शाळा. आणि आईने शाळेचा दाखला कधी काढलेलाच नव्हता. एक दिवस सामान बांधले आणि निघाली.

येथे माझी मास्तरकी कामाला आली. त्या गावच्या शाळेचा मी शोध लावला, मुख्याध्यापकांचा नंबर मिळवला. पण शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली, आणि वर २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. गुरुजी मंडळी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "सर, सुट्टी संपली की बघतो." मी म्हटले, "गुरुजी, आपण दोघेही एकाच धंद्यातले. पोरगं मोठ्या कैद्यांत आहे. पाडव्याला घरी असायला हवं होतं." पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग ते म्हणाले, "जनरल रजिस्टर कपाटात आहे. किल्ली माझ्याकडेच आहे. उद्या जातो."

तो भला माणूस भाऊबीजेच्या दिवशी चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर गेला. रजिस्टरमधल्या नोंदीचे छायाचित्र त्याने मला पाठवले, आणि सही-शिक्क्याचा दाखला एस.टी.च्या एका चालकाजवळ दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो उतरवून घेतला. पाकीट फोडले. जन्मतारीख : १ जून २००७.

मला हसू आले. एक जून! महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत निम्मे लोक एक जूनला जन्मलेले आहेत, हे कोणत्याही मास्तराला विचारा. पालकांना तारीख सांगता येत नाही, शाळा जूनमध्ये भरते. मुलगा सहा वर्षांचा दिसला की गुरुजी मागे मोजतात आणि एक जून लिहून मोकळे होतात. मी स्वतः उमेदवारीच्या काळात किती एक जून लिहिले असतील, देवास ठाऊक. मी आईला विचारले, "बाई, खरा कधी झाला?" त्या म्हणाल्या, "थंडी होती गुरुजी. कारखाना चालू होता. लई थंडी होती." म्हणजे त्याच्या आधीचा हंगाम. कसेही मोजा, अठरा भरत नव्हती. ज्या गुरुजींनी ती तारीख अंदाजाने लिहिली, त्यांना त्या ओळीचे काय होणार आहे याची कल्पनाही नसेल. त्या एका ओळीवर मुलाची फाईल न्यायालयातून मंडळाकडे गेली. लक्ष्मीपूजन मात्र त्याने तुरुंगातच काढले.

निरीक्षणगृहात तो आणखी काही दिवस राहिला. दरम्यान परिविक्षा अधिकारी बाई दापोड्याला घरचौकशीला आल्या. मला बोलावले होते, म्हणून मीही गेलो. मला वाटले होते, सरकारी माणूस येईल, दारातून डोकावेल, सही करील. तसे झाले नाही. त्या दोन तास होत्या. खोली दहा बाय बारा. तीत तीन माणसे, एक शेगडी, भिंतीवर मुलीने चिकटवलेले पाढे. कोण कुठे झोपते, पगार किती, कर्ज किती, मुलगा कोणाबरोबर हिंडतो, शाळा का सुटली, व्यसन आहे का, हे सारे त्यांनी विचारले, आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या. शाळा का सुटली याचे उत्तर आईने सरळ दिले: "करोनात शाळा बंद झाली. ती त्याच्यासाठी परत उघडलीच न्हाई."

मग बाई ओट्यावर मालकांकडे वळल्या. "मुलगा कसा आहे हो काका?" माझ्या छातीत धस्स झाले. आदल्याच आठवड्यात मालकांनी खोली रिकामी करायला सांगितली होती. म्हातारा थोडा वेळ समोरच्या पत्र्यांकडे पाहत राहिला. म्हणाला, "पोर चांगला हाय. माझी गोली आनून द्यायचा रोज. पन चाळीन चोरी करनारा ठेवला तर लोक मना बोलतील." बाईंनी ते दोन्ही लिहून घेतले. उठताना म्हणाल्या, "काका, त्याला घरी सोडायचा तर घर लागतं. खोलीच नसेल तर मंडळ त्याला कुठे सोडेल?" म्हातारा काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने आईला निरोप धाडला, "मे महिन्यापर्यंत रहा."

या एका वाक्याचे मोल मला मंडळापुढच्या दिवशी कळले. कामकाज बंद खोलीत चालते; मी बाहेर बाकावर बसलो होतो. माझ्यासारखे दहा-बारा आईबाप होते. कोणी पॉवरलूमवर काम करणारे, कोणी रिक्षावाले, एक बाई चांगल्या घरातली, तोंडावर पदर घेतलेली. कोणी कोणाला "तुमच्या मुलाने काय केले?" असे विचारीत नव्हते. मात्र "किती वर्षांचा?" एवढे प्रत्येक जण विचारी. कायद्यात जामीन हा नियम आहे. मुलगा पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल, किंवा न्यायाला बाधा येईल, असे वाटले तरच तो नाकारायचा. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हेही कायद्यानेच सांगितले आहे. पण संगत वाईट नाही हे दाखवायला घर लागते, शेजार लागतो, कोणी तरी "पोर चांगला हाय" म्हणणारा लागतो. पुण्याच्या मुलाला आणि दापोड्याच्या मुलाला कायदा एकच होता. एकाला तो काही तासांत मिळाला. दुसऱ्याला तो मिळवायला तीन आठवडे, एक मोटारसायकल आणि एका म्हाताऱ्याचा चांगुलपणा लागला. माझा मे महिन्यातला राग चुकीचा नव्हता. तो चुकीच्या जागी लागला होता. मी कायद्याचे दार बंद करा म्हणत होतो, आणि ते दार दापोड्याच्या मुलापुढे उघडलेलेच नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीस आईच्या हमीवर तो घरी आला. अटी साध्या: परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटायचे, रात्रीचे काम करायचे नाही, पुढच्या तारखांना हजर राहायचे.

चार दिवसांनी आईने मला एक चिठ्ठी आणून दिली. सदरा धुताना खिशात सापडलेली. तिच्यावर एक मोबाइल नंबर, खाली एक टोपणनाव. तुरुंगातल्या कोणी तरी दिलेली, "बाहेर आलास की भेट." मी दापोड्याला गेलो. मुलाला घेऊन गोदामांच्या मागच्या बांधावर बसलो. चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "फाड." त्याने निमूटपणे फाडली. मला फार बरे वाटले. तेवढ्यात तो खाली मान घालून म्हणाला, "सर, पाठ आहे मला."

काय बोलावे? पाढे पाठ करून घेणारा मी मास्तर; पाठ झालेले पुसायचे कसे, हे कोणत्याच प्रशिक्षणात शिकवले नव्हते. तीन आठवड्यांत तुरुंगाने त्याला काय शिकवले, याचा हिशेब त्या दहा आकड्यांत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसरेच एक पोर डोळ्यांपुढे येत होते. गोष्ट १९८९ ची. मी आठवीचा वर्गशिक्षक. सहलीच्या वर्गणीतले साठ रुपये टेबलाच्या खणातून गेले, आणि ते एका मुलाच्या दप्तरात सापडले. त्याची आई रात्री माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला पायरीवरूनच परत पाठवले. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर तांबड्या शाईने रेघ ओढली आणि दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात 'असमाधानकारक' असे लिहिले. अक्षर माझे वळणदार. त्या काळी सगळे वाखाणीत. तो दाखला घेऊन तो मुलगा कोणत्या शाळेत गेला असेल? कोणी त्याला घेतले असेल? मी कधी चौकशी केली नाही. शिस्त राखली म्हणून त्या वर्षी माझे कौतुक मात्र झाले.

आज कायदा असा आहे की मंडळापुढून गेलेल्या मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटू नये, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याचे कागद नष्ट करावेत. अपवाद आहेत, पण नियम हा. चोरी झालीच नाही असे कायदा म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ती रेघ तांबड्या शाईची नसावी. कायद्याला जे सुचले ते वर्गशिक्षकाला सुचले नव्हते. म्हणून मी वर म्हटले की नाव छापायची मनाई मला योग्य वाटते.

पुढच्या फेऱ्यांत फार काही घडले नाही, आणि घडले नाही हेच चांगले. मुलगा दिवसा एका गॅरेजात काम शिकू लागला. एकदा दोन दिवस घरी आला नाही; आईच्या डोळ्यांचे पाणी खळेना. आला तो मित्राच्या गावच्या जत्रेहून! मी रागावलो, तो हसला. खरे की खोटे, मी विचारले नाही. मे अखेरीस त्यांनी दापोड्याची खोली सोडली. म्हाताऱ्याने अनामत पुरती परत केली, आणि निघताना मुलीच्या हातात भाकरीचे तांदूळ दिले, "दुकानचे हायत, शेताचे नाय," असे दोनदा सांगून. मंडळापुढची चौकशी मात्र हे लिहीपर्यंत संपलेली नाही.

नववी फेरी गेल्या ऑगस्टमधली. कुटुंब तेथे नव्हते, पण गॅरेज त्याच रस्त्यावर होते आणि मुलाने तेथेच बोलावले होते. दहावीला बाहेरून बसायचे, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. तो आता मोबाइलवर भरतात. दुपारची सुट्टी होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि माल घेऊन ट्रक चाललेलेच होते. दिवाळीची तयारी दापोड्यात फार आधी सुरू होते. टायरांच्या ढिगावर आम्ही दोघे बसलो. हात पुसून त्याने फॉर्म उघडला. बीडहून आलेला तोच दाखला मी पिशवीतून काढून दिला. मंडळाने मूळ प्रत परत केली होती.

जन्मतारखेच्या रकान्याशी तो थांबला. "सर, आई म्हणते थंडीत झालो. एक जूनच लिहू ना?"

"लिही," मी म्हटले. "त्याच तारखेने तुला इथवर आणलं."

पुढचा रकाना मोबाइल नंबरचा होता. त्याचा स्वतःचा फोन पोलिसांकडे जमा. तो क्षणभर बाहेर पावसाकडे पाहत राहिला. मी काही बोललो नाही. मग त्याने एकेक आकडा टाकायला सुरुवात केली. मी चष्मा सारखा करून पाहिले. नंबर आईचा होता.